साखर आटोक्यात, तरी नवी गोळी कशासाठी?

प्रश्न : माझे वय 58 असून बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड चालू असून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 7.2 आहे. तरीही लघवीतून प्रथिन जाते म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केले. महिन्याभरात क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.1 वरून 1.2 झाले. ही गोळी किडनी खाते असे गावात म्हणतात. ती बंद करावी काय? आषाढीला दिंडीतही जायचे आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नये. किडनी रक्तातील साखर गाळते आणि जवळजवळ सगळी परत घेते. ही गोळी त्या परतीची वाट अडवते व साखर लघवीवाटे जाते. आपल्याला मात्र ती मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी दिलेली आहे. मधुमेहात किडनीच्या सूक्ष्म गाळण्यांवर आतून दाब वाढतो व त्यामुळे प्रथिन झिरपते. हा दाब गोळीने उतरला की सुरुवातीच्या काही आठवड्यांत गाळण्याचा वेग जरा मंदावतो आणि क्रिएटिनिन किंचित वर दिसते. आपली वाढ याच प्रकारची वाटते. गाळण्याचा वेग तीस टक्क्यांहून अधिक घसरला, तर मात्र कारण शोधावे लागते. किडनीविकाराच्या 4,304 रुग्णांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किडनीची क्षमता निम्म्याने घटणे, ती निकामी होणे किंवा किडनी वा हृदयविकाराने मृत्यू येणे, या घटनांचा एकत्रित धोका गोळी घेणाऱ्यांत 39 टक्क्यांनी कमी आढळला. त्यांत मधुमेह नसलेले रुग्णही होते. त्याच वर्षी भारतातील मूळ पेटंट संपल्यावर गोळी स्वस्त झाली, हे आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

गावातली भीती किडनीपुरती चुकीची असली, तरी जपण्यासारखे दिवस असतात. उलट्या-जुलाब होत असतील, किंवा एकादशीला निर्जळी राहायचे असेल, तर शरीर कोरडे पडते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका उद्भवतो. त्यात साखर फार वाढलेली नसतानाही मळमळ, पोटदुखी व धाप लागते, म्हणून ते सहज लक्षात येत नाही. अशा दिवशी ही गोळी थांबवावी लागते. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते, तेव्हा दिंडीला निघण्यापूर्वी दोन्ही गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. जननेंद्रियाजवळ खाज सुटल्यास लाजेखातर लपवू नये. बुरशीचा हा त्रास उपचाराने जातो.

पायांना बधिरपणा असेल, तर रोप लावणीच्या चिखलात अथवा वारीत अनवाणी चालू नये; काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

प्रश्न : आठवड्याचे इंजेक्शन या गोळीपेक्षा चांगले काय?

उत्तर : सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनानेही किडनीचा धोका घटतो, हे 2024 साली दिसून आले, आणि वजनही उतरते. परंतु साखर झपाट्याने उतरल्यास डोळ्यांच्या पडद्याचा जुना विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून आधी पडद्याची तपासणी करून घ्यावी. दोन्ही औषधे एकत्रही दिली जातात. निवड तपासण्या पाहून करावी.