फुटबॉलमध्ये हाय लाइन ठेवणारा (म्हणजे बचावफळी बरीच पुढे आणणारा) संघ मागच्या मोकळ्या जागेत सारखा का सापडतो?

खापर डिफेंडरांवर फुटतं, पण गडबड बहुतेक वेळा पुढे सुरू होते. बचावफळी मध्यरेषेजवळ ठेवायची तर चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्यावर दबाव हवाच. त्याला मान वर करून बघायला वेळ मिळाला की पास बचावफळीच्या मागे पडलाच म्हणून समजा. अशा वेळी पास सुटण्याआधीच चौघा डिफेंडरांनी मागे सरकायचं असतं. होतं काय, तिघे ऑफसाइडसाठी (पास सुटताना स्ट्रायकर बचावफळीच्या मागे, नियमबाह्य जागी सापडावा म्हणून) पुढे येतात, लांबचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) पाऊलभर मागे राहतो आणि स्ट्रायकर आरामात ऑनसाइड!

जमलं तर मात्र भारी जमतं. २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये हाय लाइन ठेवणाऱ्या सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले (एक तर व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ तपासणीत, अगदी थोडक्यात) आणि सौदीने सामना २-१ जिंकला. जुगारच होता म्हणा.

सेंटर-बॅक (मधले डिफेंडर) संथ असतील किंवा गोलकीपर बॉक्सबाहेर यायला कचरत असेल, तर लाइन खाली आणा. पण मिडफिल्डलाही सोबत खाली यावं लागेल. नाहीतर दोन फळ्यांमध्ये भगदाड पडतं आणि समोरचा नंबर १० (स्ट्रायकरच्या मागे खेळून हल्ले रचणारा) तिथेच वळून खेळ चालवतो.