अटेन्शनला नेमका मराठी शब्द कोणता? लक्ष देणं, घालणं, ठेवणं हे एकच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदूरचं, बोलणं मराठीच, पण पुण्याच्या ऑफिसात ‘जरा इकडे ध्यान द्या’ म्हणालात आणि लोक हसले. मग अटेन्शनला मराठीत म्हणायचं तरी काय, आणि लक्षाची ही सगळी क्रियापदं सारखीच का?

आधी हसणाऱ्यांचा हिशेब करू. ‘ध्यान’ काही हिंदीतून उसनं आणलेलं नाही. गावाकडं ‘ध्यानात आलं का?’, ‘ध्यानात ठेव’ सर्रास चालतं, आणि ‘ध्यानीमनी नसताना’ तर पेठांतले पुणेकरसुद्धा म्हणतात. फक्त ‘ध्यान देणं’ हे शहरी कानाला हिंदी लागतं, कारण स्टेशनवरच्या हिंदी घोषणेत तेच रोज ऐकू येतं. शिवाय शहरात ध्यान म्हणजे एक तर डोळे मिटून बसणं, नाहीतर ‘काय ध्यान आहे!’ मधलं गबाळं ध्यान. (विटेवरच्या विठोबाचं रूप वर्णन करताना तुकोबांनी हाच शब्द घेतला, तो भाग वेगळा.) तेव्हा ऑफिसात ‘लक्ष द्या’ म्हणा आणि घरी आजीशी तुमचं ध्यान खुशाल चालू ठेवा.

आता लक्ष. नुसता शब्द पाठ करून इथं भागत नाही. मागचं क्रियापद कोणतं आणि प्रत्यय ‘कडे’, ‘वर’ की ‘त’, यावर सगळा अर्थ ठरतो.

आई गॅसवर दूध ठेवून दार उघडायला जाते आणि सांगते, ‘दुधाकडे लक्ष ठेव गं.’ म्हणजे मी येईपर्यंत अधूनमधून नजर असू दे. तुम्ही मोबाइलात. साय फुगून पातेल्याच्या काठाशी येते आणि बाहेरून आवाज येतो, ‘अगं, लक्ष दे तिकडे!’ ठेवणं हे लांबवर चालणारं, देणं हे आत्ताचं. ‘दे’मध्ये थोडी ताकीदही असते: तुझं आहे कुठं?

‘ठेवणं’ला ‘कडे’ऐवजी ‘वर’ लावलं की सूर बदलतो. ‘मी येईपर्यंत बाळाकडे लक्ष ठेवाल का?’ म्हटलं तर शेजारीण आनंदानं ठेवेल. ‘त्या नव्या पोऱ्यावर लक्ष ठेवा’ म्हटलं की झाली पाळत.

‘लक्ष घालणं’ मात्र निराळ्या घरचं. त्यात अधिकार आहे, हस्तक्षेप आहे. पाण्याच्या प्रश्नात नगरसेवकानं लक्ष घातलं तर लाइन दुरुस्त होते. तो नुसतं लक्ष ठेवून बसला तर टँकरच येत राहतात. ‘साहेबांनी जातीनं लक्ष घातलं’ हे ऐकलंच असेल. उलट ‘तू यात लक्ष घालू नकोस’ म्हणजे सरळ सरळ बाजूला हो. तुम्ही ऑफिसात आहात म्हणून मुद्दाम सांगतो: वरिष्ठांना ‘सर, माझ्या मेलकडे लक्ष द्या’ असं लिहू नका, ते खडसावल्यासारखं वाटतं. ‘आपण यात लक्ष घालावं’ लिहा. अर्थ जवळपास तोच, पण त्यांचा मानही राहतो आणि काम त्यांच्या अंगावरही पडतं. सरकारी कागदावर हेच ‘आपले लक्ष वेधू इच्छितो’ होतं. आपल्या विधिमंडळात तर ‘लक्षवेधी’ हे आयुधच आहे: तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर आमदार सूचना देतो आणि मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. बातमीदार पुढचा ‘सूचना’ शब्द गाळून नुसतंच ‘आज लक्षवेधी लागली’ म्हणतात.

‘लागणं’चीही अशीच गंमत. अभ्यासात लक्ष लागत नाही, ही झाली एकाग्रतेची तक्रार. निकालाकडे लक्ष लागलंय, ही झाली वाट पाहणं. ‘त’ आणि ‘कडे’, एवढाच फरक. आणि ‘लक्षात’ आलं की गोष्ट नजरेवरून डोक्यात जाते: लक्षात आलं म्हणजे समजलं, लक्षात आहे म्हणजे आठवतंय, आणि दात-ओठ खाऊन ‘लक्षात ठेव!’ म्हणजे धमकी. ही सगळी ‘लक्ष’ लिहायची. ‘लक्ष्य’ म्हणजे नेम धरायची जागा, उद्दिष्ट. ‘कृपया लक्ष्यात ठेवा’ असे बोर्ड दिसतात, तिथं लिहिणाऱ्याचा नेम चुकलाय.

पुस्तकी शब्द हवा असेल तर ‘अवधान’. मानसशास्त्रात अटेन्शनला तोच वापरतात. जुनाही आहे: ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, तेवढं दिलंत तर सर्व सुखाला पात्र व्हाल म्हणतात. बोलण्यात तो एकटा फारसा येत नाही, पण त्याची नातवंडं घरोघरी आहेत. माफी मागताना ‘अनवधानानं राहून गेलं’. एकाच वेळी फोन, फोडणी आणि मुलाचा गृहपाठ सांभाळणारी बाई ‘अष्टावधानी’. मुळात अष्टावधान हा विद्वानांचा खेळ, आठ पृच्छक चहूकडून प्रश्न, समस्या टाकतात आणि मध्येच घंटेचे टोल वाजवतात, अवधानी कविता रचता रचता तेही मोजतो. तेलुगू मुलखात तो अजून रंगतो. ‘सावधान’ म्हणजे स-अवधान, कवायतीत ‘अटेन्शन!’ला तोच हुकूम आहे आणि मंगलाष्टकांच्या शेवटीही तोच. ‘व्यवधान’ मात्र तुम्ही जपून वापरा. हिंदीत तो अडथळा, मराठीत ‘तिला फार व्यवधानं आहेत’ म्हणजे तिच्या मागे लक्ष पुरवायच्या पुष्कळ गोष्टी आहेत.

राहता राहिलं हल्लीचं ‘त्याला सारखं अटेन्शन लागतं’. इथं लक्ष बसवायला जाऊ नका, ‘त्याला सारखं लक्ष लागतं’ असं कुणी म्हणत नाही. धाकटं भावंड आल्यावर थोरलं मूल मुद्दाम पाणी सांडत असेल तर ‘ते लक्ष वेधून घेतंय’ हे बरोबर. मोठा माणूस करत असेल तर ‘पुढंपुढं करतो’ किंवा ‘मिरवतो’. आणि प्रकरण प्रेमाचं असेल तर ‘ती त्याला भाव देत नाही’. फक्त ‘भाव देणं’ आणि ‘भाव खाणं’ यांची अदलाबदल करू नका. देतो तो दखल घेणारा, खातो तो आढेवेढे घेणारा.