मानसशास्त्राच्या वर्गासाठी मोफत ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी कुठे मिळेल?

बी.ए.च्या मुलांकडून वर्गात करून घेता येईल अशी मोफत चाचणी तुम्ही विचारली आहे. मीही हाच विषय शिकवते. डोळे झाकून इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल घ्या, ज्याला आम्ही आयपिप म्हणतो. मानसशास्त्रज्ञ लुइस गोल्डबर्ग यांनी उभा केलेला हा 3,000हून अधिक विधानांचा साठा कुणाच्याही मालकीचा नाही. परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, भाषांतरही करता येतं.

त्यातली 50 विधानांची पंचघटक चाचणी, म्हणजे बहिर्मुखतेसारखे व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक मोजणारी, वर्गाला पुरते. प्रत्येक घटकाला दहा विधानं, प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते 1 ते 5 मध्ये लिहायचं. घाई असेल तर 20 विधानांची मिनी-आयपिप आहे. फक्त मोबाईलवर बटण दाबून निकाल काढू देऊ नका. कागदावर छापा आणि गुणांकन मुलांनाच करू द्या, खरं शिकणं तिथेच होतं. 'मी फारसं बोलत नाही' यासारखी विधानं उलटी मोजायची, म्हणजे 6 मधून उत्तर वजा. माझ्या एका विद्यार्थ्याने कंटाळून सगळीकडे 5 लिहिले. बहिर्मुखतेची पाच विधानं सरळ, पाच उलटी. बेरीज आली 30, म्हणजे 10 ते 50 च्या बरोब्बर मध्यावर. तो कागदाकडे बघतच राहिला. उलटी विधानं कशाला असतात, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

भाषांतराला मात्र वेळ द्या. 'मी पार्टीत जान आणते' असं मी पहिल्यांदा सरळसोट केलं होतं. वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात पार्टी म्हणजे दारूची. मी 1 लिहिलंय." पुढच्या वेळी मी 'चार माणसांत रंगत आणते' असं केलं. चाचणीची यथार्थता, म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते का, हे शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नव्हतं. मराठी विधानं दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या, घोळ लगेच दिसतो.

सहसंबंधाच्या, म्हणजे दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याच्या प्रात्यक्षिकासाठी ओपन-सोर्स सायकोमेट्रिक्स प्रोजेक्ट या संकेतस्थळावर हजारो लोकांची कच्ची उत्तरं नावाशिवाय उतरवून घेता येतात.

INFP सारखा चार अक्षरांचा 'टाइप' सांगणाऱ्या चाचण्या मुलं आधीच करून आलेली असतात. त्यांना रागावू नका. आपली चाचणी घेण्याआधीच्या तासाला मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररचा प्रयोग करा. 1948 मध्ये त्याने 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं वर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला. तो किती जुळतो, याला त्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. माझ्या वर्गात मी तो मजकूर मराठीत वाटते, गुण लिहून घेते आणि मग शेजाऱ्याशी कागद बदलायला सांगते. क्षणभर शांतता, मग एकच गलका!

नैराश्य किंवा चिंतेच्या चाचण्या वर्गात नकोत, एखादं मूल खरोखर त्रासात असू शकतं. व्यक्तिमत्त्वाच्या कागदावरही नाव लिहायला लावू नका, फळ्यावर फक्त वर्गाची सरासरी मांडा. आपापला कागद मुलं घरी नेतात.