टूलकिट ईएमआयवर घेऊ का? सोलापूरच्या स्प्लेंडरवाल्या भावाला उत्तर

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला, कारण विचारलंय एक आणि खरी अडचण शेवटच्या ओळीत सहज टाकून दिलीय. त्यावर येतोच. आधी बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. राहायला जुळे सोलापूर, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, हातात पगार १७,५००, भाडं ४,५००, पोरगी बालवाडीत, महिन्याला १,००० ची भिशी चालू. गाडी २०१६ ची स्प्लेंडर, महिन्याला ९०० किमी होतंय. गॅरेजवाला एका सर्व्हिसिंगचे ९५० घेतो, वर्षात चार वेळा. आता तुम्ही ऑनलाइन १०,८०० चं किट बघून ठेवलंय, शंभरावर तुकड्यांचा सॉकेट सेट, टॉर्क पाना, पॅडॉक स्टँड, प्रेशर वॉशर, सगळं मिळून. हप्ता ९७५, बारा महिने. आणि म्हणताय की सगळं घरीच करीन, गॅरेजचा खर्च बंद. मग शेवटी, "इन्शुरन्स दिवाळीत संपलाय, बघू पुढं."

माझं मत सरळ सांगतो. काम घरी करा, किट घेऊ नका, आणि इन्शुरन्सचं "पुढं" म्हणजे हा आठवडा.

आता हिशोब. ९५० च्या बिलाचा फोटो तुम्ही पाठवला ते बरं झालं. त्यात ऑइल ३८०, मजुरी ३५०, वॉशिंग १००, आणि "इतर" म्हणून १२०. घरी केलं तरी ऑइल विकत आणावंच लागणार, म्हणजे एका वेळेला वाचणार जास्तीत जास्त ५७०. चार वेळेचे २,२८०. पण चारही वेळा घरी करणं मला पटत नाही, टॅपेट सेटिंग (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट नीट करणं), कार्ब्युरेटर, ब्रेक उघडून साफ करणं ही कामं मेकॅनिकची आहेत, त्यामुळं वर्षात दोनदा त्याच्याकडं जाच. उरले दोन वेळेचे १,१४०.

किटचा खर्च बघा. ९७५ गुणिले १२ म्हणजे ११,७००, वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर जीएसटी, झाले जवळजवळ ११,९३५. म्हणजे १०,८०० ची वस्तू घ्यायला साडेअकराशेच्या आसपास नुसते उधारीचे. आणि वाचणार वर्षाला हजार-बाराशे. भाऊ, किटचे पैसे निघेपर्यंत पोरगी हायस्कूलला जाईल की ओ. शिवाय भाडं आणि भिशी गेल्यावर हातात १२,००० राहतात, त्यातून दर महिन्याला ९७५ म्हणजे घरात आजारपण निघालं तर पहिला हप्ता चुकणार, मग दंड, मग सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर डाग, आणि उद्या खरंच कर्ज लागेल तेव्हा तोच आडवा येणार.

आणि किटमधल्या वस्तू बघा ना. पॅडॉक स्टँड कशाला? तुमच्या स्प्लेंडरला डबल स्टँड आहे, त्यावर लावली की मागचं चाक हवेत. पॅडॉक स्टँड लागतो ज्या गाड्यांना नुसता साइड स्टँड असतो त्यांना. प्रेशर वॉशरचं तर हसूच आलं, आपल्या सोलापुरात नळाला पाणी कधी येणार याचं टाइमटेबल पाठ करून बॅरल भरणारी माणसं आपण, त्या पाण्यानं गाडीवर फवारे मारणार? आणि तो जोरातला फवारा चाकाच्या बेअरिंगमध्ये, चेनमध्ये, वायरिंगच्या जोडात पाणी घालतो, त्याचा खर्च वेगळा. एक बादली, एक जुनं टॉवेल, झालं. टॉवेल तर तुमच्याकडं कमी नसणार. शंभर तुकड्यांतले ऐंशी तुमच्या गाडीला लागतच नाहीत, आणि स्वस्तातले सॉकेट नरम लोखंडाचे असले की नटाच्या कडा गोल करून टाकतात, मग तो नट काढायला परत गॅरेजच.

तुम्हाला लागतंय काय? एक बरा रिंग पाना सेट, टायरची हवा बघायचं गेज, चेन घासायला ब्रश, नरसाळं, चेनला लावायला ९० नंबरचं गिअर ऑइल, जुनं ऑइल पकडायला पसरट टब. पेचकस आणि प्लगचा पाना गाडीच्या टूल बॅगेत असेल, नसेल तर घ्या. सगळं १,४०० च्या आत बसतंय. हार्डवेअरच्या दुकानात गाडी घेऊनच जा आणि पाना नटावर लावून बघूनच पैसे द्या, नुसतं "स्प्लेंडरला कुठला लागतो" विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. एकदम जमत नसेल तर एका महिन्यात पाने आणि टब, पुढच्या महिन्यात बाकीचं. पण रोखीनं.

आता या १,४०० मधून निघतं काय. वर सांगितलेले १,१४० आहेतच. दुसरं म्हणजे ऑइल कधी बदलायचं. गॅरेजवाला अडीच हजार किमीला बोलावतोय, वर्षाचे १०,८०० किमी म्हणजे चार वेळा बरोबर बसतं त्याचं गणित. गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात कंपनीनं किती किमी लिहिलंय ते वाचा, बहुतेक वेळा आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. तुमची गाडी जुनी, एमआयडीसीची धूळ आणि आपल्याकडचा मे महिना हे धरून मी मॅन्युअलच्या टोकापर्यंत ताणणार नाही, पण साडेतीन हजाराच्या आसपास बदललं तर वर्षात तीनदा होतं. एक बाटली वाचली, ३८०. मध्ये दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी काडी) बघायची, गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला, पातळी खालच्या रेघेच्या खाली गेली तर थोडं टाकायचं. जुन्या गाड्या ऑइल पितात, आणि ऑइल कमी असताना पळवली तर इंजिनचं काम निघतं, ते तुमच्या महिन्याच्या भाड्यात बसणार नाही.

तिसरी गोष्ट चेन. चेन आणि तिची दातेरी चाकं, म्हणजे चेन स्प्रॉकेटचा सेट फिटिंगसकट १,३०० च्या आसपास धरू. कोरडी, मातीनं भरलेली चेन तेरा हजारात गेली आणि तीच साफ ठेवून बावीस हजार चालली, तर वर्षाला चारशे चाळीसच्या आसपास फरक पडतो. तिन्ही मिळून दोन हजाराच्या आत-बाहेर. १,४०० चे पाने आठ-नऊ महिन्यांत वसूल, पुढं सगळं तुमचंच.

पण आणखी बराच पैसा ज्यात आहे त्याला पानासुद्धा लागत नाही, ती म्हणजे हवा. ९०० किमीला १५ लिटर पेट्रोल धरलं तर महिन्याचे दीड हजाराच्या वर जातात, टायर मऊ ठेवून त्यात पाच टक्के जरी जास्त गेलं तरी वर्षाला नऊशेच्या घरात, आणि टायर कडेनं झिजतो तो वेगळाच. हवा सकाळी गाडी काढायच्या आधी बघायची, दुपारी तापलेल्या रस्त्यावरून आल्यावर गेज जास्तच दाखवतं आणि आपल्याला वाटतं भरलीय. आकडा मॅन्युअलमधला, एकट्याचा वेगळा, मागं बायको-पोरगी असतील तेव्हा मागच्या टायरचा वेगळा. पंपावर हवा फुकट असते, लाजायचं नाही.

आता दोन कामं जरा नीट सांगतो, कारण यातच घरी करणारे फसतात आणि वाचवलेले पैसे घालवून बसतात.

ऑइल. गाडी दोन-तीन किमी फिरवून या, ऑइल कोमट झालं की पातळ होऊन घाण घेऊन निघतं, पण कडक तापलेलं नको, हात भाजतो. इंजिनखालचा ड्रेन बोल्ट रिंग पान्यानंच सोडवा, पक्कड लावू नका. सगळं निथळू द्या, दहा मिनिटं चहा घ्या. मग खरं काम, बोल्ट परत बसवणं. इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, तिरका घुसला आणि पान्यानं जोर मारला की केसिंगचे आटे जातात, मग लेथवाल्याकडं नवे आटे पाडून घ्या, गाडी दोन दिवस उभी, कारखान्याला रिक्षानं. म्हणून बोल्ट आधी बोटांनीच फिरवायचा, तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत, अडकला तर काढून परत लावायचा, पाना फक्त शेवटी, आणि लटकून नाही, मनगटाच्या जोरानं. वॉशर चेपलेला असेल तर नवा टाका, काही रुपयांची वस्तू आहे. स्प्लेंडरला बाहेरून बदलायचा ऑइल फिल्टर नसतो, आत जाळी असते, ती मेकॅनिककडच्या दोन फेऱ्यांत साफ करून घ्या. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच, बाटली संपवायची म्हणून सगळं ओतू नका.

चेन. ही साफ करताना इंजिन बंदच पाहिजे, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये टाकून फडकं धरणारे बघितलेत मी, बोट गेलं तर त्याची भरपाई कुठल्या हिशोबात धरणार? रॉकेल किंवा डिझेलनं घासा, पेट्रोल नको. पुसून, वाळवून मग गिअर ऑइल, आणि जास्तीचं पुसून टाका नाहीतर धूळ चिकटून लोखंड झिजवणारी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. चेन आवळायची असेल तर दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्याच ठेवा, नाहीतर चाक वाकडं बसतं. आणि चेन आवळल्यावर चाक मागं सरकतं, त्यामुळं मागचा ब्रेकही आपोआप आवळला जातो, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. चाक फिरवून बघा, घासत असेल तर ब्रेक रॉडचा नट थोडा सैल करा, पायाचा ब्रेक नीट लागतोय का, ब्रेक लाइट लागतोय का बघा आणि मगच रस्त्यावर काढा. पहिल्या वेळी ओळखीच्या मेकॅनिककडून एकदा नजर मारून घ्या, तेवढ्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता इन्शुरन्स. रागावू नका, पण १०,८०० चं किट घ्यायला निघालेला माणूस इन्शुरन्सशिवाय रोज एमआयडीसीला जातोय हे बघून मला जास्त काळजी वाटली. स्प्लेंडर ९७ सीसीची, ७५ ते १५० सीसीला थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर २०२२ च्या दरपत्रकात ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४३ च्या आसपास. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात कव्हर जोडला तर थोडे आणखी लागतील, तो जोडाच, कारण नुसत्या थर्ड पार्टीत तुम्हाला स्वतःला काही मिळत नाही. पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड, पण ते सोडा. अक्कलकोट रोडला ट्रकच्या गर्दीत कुणाला धक्का लागला, माणूस गेला किंवा जायबंदी झाला, तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती तुमच्या पगारातून, बायकोच्या दागिन्यांतून. तिथं भिशी पुरत नाही. पीयूसीही (धुराच्या तपासणीचा दाखला) बघा, २०१६ ची गाडी म्हणजे बीएस-४ या धुराच्या नियमाच्या आधीची असणार, तिची पीयूसी सहा महिन्यांचीच असते, वर्षाची नाही.

तर पैशाचा क्रम असा लावा. ९७५ चा हप्ता भरायची तुमची तयारी होती ना, मग तेच ९७५ तीन महिने बाजूला काढा. पहिल्या महिन्यात इन्शुरन्स, कमी पडतील ते घरखर्चातून ओढा. दुसऱ्या-तिसऱ्यात पाने आणि पीयूसी. चौथ्यापासून त्यातले ५०० पोस्टाच्या आरडीत टाका, आरडी १०० पासून सुरू होते, पाच वर्षांची असते, आणि हे पैसे गाडीच्या नावाचे समजा, टायर, बॅटरी, क्लच प्लेट असल्या मोठ्या खर्चाला. पण आरडी मध्येच मोडायची वेळ येऊ नये म्हणून उरलेले ४७५ बचत खात्यातच राहू देत, पाच-सहा हजार होईपर्यंत हात लावू नका. भिशी मोडू नका, नंबर लागला की त्यातली अर्धी रक्कम त्याच खात्यात टाका. बँकेत खातं आहेच तर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा चालू आहे का तेही विचारून या, दोन लाखांचा अपघात विमा आहे तो, अर्ज एका पानाचा.

मेव्हण्याचं म्हणणं की ही विकून कर्जावर इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, त्याचं उत्तर आत्ता तरी नाही. गाडी फिटलेली आहे, चालू आहे, तिच्यावर हप्ता नाही.

वेळेचं विचारलंत, रविवार वाया जातो का म्हणून. तुमचा ओव्हरटाइम तासाला ७५, घरच्या सर्व्हिसिंगला दोन तास धरले तर १५० चा ओव्हरटाइम बुडाला आणि ५७० वाचले, म्हणजे घरीच परवडतं. पण ज्या रविवारी डबल रेटनं पूर्ण पाळी मिळत असेल त्या रविवारी पाने पेटीतच ठेवा आणि कामावर जा.

आणि हो, निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा मागच्या मोकळ्या प्लॉटवर ओतू नका. जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात. इन्शुरन्स काढला की पॉलिसीतला गाडी नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा, एक आकडा चुकला तरी क्लेमला अडवतात.