माहितीपट, गंभीर नाट्य आणि गर्दीचा सिनेमा: समीक्षक तिघांनाही साडेतीन तारे कसे देतो?

तुम्ही विचारलंय की एकाच समीक्षकाने एकाच आठवड्यात मुलाखतींवर बेतलेल्या माहितीपटाला, एका संथ कौटुंबिक नाट्याला आणि एका मारधाडपटाला साडेतीन-साडेतीन तारे दिले, तर तिन्ही सारखेच चांगले समजायचे का, आणि तसं नसेल तर हा माणूस नेमकं मोजतो काय. तो समीक्षक मी नाही. पण असे तारे मीही वाटलेत, गेली बरीच वर्षं परीक्षणं लिहितोय, त्यामुळे उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

ताऱ्यांचं लगेच सांगून टाकतो. प्रत्येक चित्रपट त्याच्या जातीच्या इतर चित्रपटांशी ताडून बघितलेला असतो. माहितीपटाचे साडेतीन आणि मारधाडपटाचे साडेतीन शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तारे घाईत असलेल्या वाचकासाठी असतात, त्यांना त्याहून जास्त महत्त्व देऊ नका.

आता मोजतो काय. इतरांचं माहीत नाही, मी संकलन बघतो. चित्रीकरण झालेल्या मजकुरातला थोडाच भाग पडद्यावर येतो. काय ठेवलं, काय गाळलं आणि दृश्य नेमकं कुठे तोडलं, यातून दिग्दर्शकाची नियत कळते. अभिनय, छायाचित्रण, संगीत या सगळ्यांवर मी लिहितो, पण मत बनतं ते या एका गोष्टीवर. आणि हा प्रश्न तिन्ही प्रकारांना विचारता येतो.

सगळ्यात कडक मी माहितीपटाशी असतो. सुरुवातीला तसा नव्हतो. एका माहितीपटाचं मी भरभरून कौतुक केलं होतं. विषय मोठा होता, अन्याय खरा होता, बनवणाऱ्यांनी कष्ट घेतले होते. त्यात नवरा गमावलेल्या एका बाईची मुलाखत होती. प्रश्न येतो, ती थांबते, डोळे भरतात, कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ जातो, मागून व्हायोलिन सुरू होतं. मी त्या दृश्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. काही महिन्यांनी तोच माहितीपट पुन्हा बघायला बसलो आणि नजर तिच्या मागच्या भिंतीवरल्या घड्याळावर गेली. प्रश्न विचारला जातो तेव्हा घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झालेली. पुढच्याच क्षणी ती रडते तेव्हा अकराला दहा कमी. म्हणजे ते रडू त्या प्रश्नाआधी अर्धा तास येऊन गेलेलं होतं. ती कशासाठी रडली, कुठल्या आठवणीने, ते आपल्याला कधीच कळणार नाही. तिचे अश्रू उचलून दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले होते. मुलाखतींचा क्रम बदलणं ही माहितीपटातली रोजची गोष्ट आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण एखाद्याच्या दुःखाचं कारण बदलणं मला मान्य नाही. ते परीक्षण छापून गेलं होतं. मी विषयाला गुण दिले होते, चित्रपटाला नाही, आणि माहितीपटांच्या बाबतीत ही चूक आम्ही समीक्षक सर्रास करतो. विषय चांगला असला की आमची लेखणी मऊ पडते.

म्हणजे माहितीपटात काही रचायचंच नाही का? तसं म्हटलं तर माहितीपटाचा इतिहासच रचण्यापासून सुरू होतो. रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ सालचा, कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या नानूक नावाच्या इनुइट शिकाऱ्यावर आणि त्याच्या कुटुंबावर. त्यातलं बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवून बांधलं होतं, कारण आत कॅमेऱ्यापुरता उजेड मिळत नव्हता. पडद्यावर मात्र ते कुटुंब त्या थंडीत तिथेच झोपून उठल्यासारखं दिसतं. नानूकचं खरं नाव अलाकारियालाक, आणि त्याची बायको म्हणून दाखवलेली स्त्री त्याची बायको नव्हती. तिथले शिकारी तेव्हा बंदुका वापरत होते, तरी शिकार भाल्याने करायला लावली. उजेडासाठी अर्धं घर बांधलं, हे मी समजू शकतो. बंदूक लपवून त्या माणसाला त्याच्या काळाच्या मागे ढकललं, हे मला आजही खटकतं.

याच्या शेजारी एरॉल मॉरिसचा १९८८ सालचा ‘द थिन ब्लू लाइन’ ठेवा. डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला होता आणि रँडल डेल अॅडम्स नावाचा माणूस त्यासाठी तुरुंगात होता. मॉरिसने तो खून नटांकडून पुन्हा पुन्हा करवून घेतला. साक्ष बदलली की दृश्यातले तपशीलही बदलतात. एका दृश्यात मिल्कशेकचा पेला संथ गतीने हवेतून उडत जातो. इतकं सजवलेलं दृश्य बघून हा माहितीपटच नव्हे असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण मॉरिस ‘हे असंच घडलं’ असा दावा करत नाही. प्रत्येक साक्षीदार काय म्हणतो ते तो पडद्यावर मांडतो, आणि ती दृश्यं एकमेकांशी जुळत नाहीत हे आपल्याला आपल्याच डोळ्यांनी दिसतं. १९८९ मध्ये अॅडम्स सुटला. दोन्हीकडे प्रसंग रचलेले आहेत. मॉरिसने रचना उघड्यावर ठेवली, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

नाट्याची गोष्ट वेगळी. तिथे सगळंच रचलेलं आहे हे आपण मान्य करूनच बसतो, त्यामुळे खऱ्या-खोट्याचा हिशेब लागत नाही. तिथे मी बघतो की दिग्दर्शक आपल्याला किती वेळ एकटं सोडतो. बहुतेक गंभीर चित्रपट इथेच मार खातात. पात्र गप्प बसलं की दोन सेकंदांत संगीत येतं आणि काय वाटून घ्यायचं ते सांगून जातं.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा लांब उभा असतो आणि संवाद संपल्यावरही हलत नाही. न्यायालयात लोकशाहिराविरुद्ध हिरिरीने बोलणारी सरकारी वकील बाई पुढे आपल्याला लोकलमध्ये दिसते, मग मुलाला घेऊन घरी जाताना, मग स्वयंपाक करताना. कथानकाच्या दृष्टीने यातलं काहीच ‘लागत’ नाही. पटकथेच्या वर्गात कुणीही हे कापायला सांगेल. पण ते ठेवल्यामुळे तिला खलनायिका म्हणून मोकळं होता येत नाही. दिवसभर राबून दमलेली ही बाई आपल्या ओळखीची आहे. आणि शेवटाकडे न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा पडतो. चित्रपट संपला असं वाटतं. तो संपत नाही. ताम्हाणे आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला घेऊन जातो. पहिल्यांदा बघताना मला हा भाग उगाच वाटला होता. आता वाटतं, अंधारावर संपवला असता तर आपण हळहळून घरी गेलो असतो. सुट्टीवर गेलेला तो गृहस्थ बघितल्यावर नुसतं हळहळून भागत नाही.

आणि गर्दीचा सिनेमा. त्याला ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं म्हणणारे समीक्षक मला पटत नाहीत. त्यात त्या चित्रपटाचाही अपमान आहे आणि प्रेक्षकाचाही. हजारो माणसांना एकाच क्षणी श्वास रोखायला लावणं हे फार अवघड काम आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय संकलकाचं असतं.

‘शोले’ (१९७५) घ्या. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं होतं, आणि ते संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. ठाकूरच्या घरच्यांना मारण्याचा प्रसंग आठवा. झोपाळ्याची करकर, एकेक करून पडलेली माणसं, शेवटी समोर उभा असलेला लहान मुलगा आणि गब्बरची रोखलेली बंदूक. गोळीचा आवाज येतो आणि त्याच झटक्यात पडद्यावर आगगाडी येते. ठाकूर सुट्टीवर घरी येतोय. मुलाला गोळी लागलेली आपण बघतच नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं शपथेवर सांगतात की आम्ही ते बघितलंय. इतका तो प्रसंग त्यांच्या मनात पुरा झालाय. कुठे थांबायचं याची एवढी अचूक जाण मला अनेक ‘गंभीर’ चित्रपटांत दिसत नाही. आज तसाच प्रसंग संथ गतीत, रक्ताच्या चिळकांडीसकट दाखवणारे चित्रपट मी मारधाड जास्त आहे म्हणून नापास करत नाही. त्यांना कुठे थांबावं कळत नाही, म्हणून करतो.

‘सैराट’ (२०१६) तर नाट्य आणि गर्दीचा सिनेमा यांच्या सीमेवर उभा आहे. नागराज मंजुळेने पूर्वार्धात लोकप्रिय सिनेमाचं सगळं दिलं: गाणी, संथ गतीतली धाव, घोडा, बुलेट, विहीर. लोक चित्रपटगृहात नाचले. उत्तरार्धात ते सगळं एकेक करून काढून घेतलं. आणि शेवटी आवाजच काढून घेतला. नायक-नायिकेचं मूल दारात उभं राहून रडतं, त्याचं तोंड उघडलेलं दिसतं आणि ऐकू काहीच येत नाही. अजय-अतुलच्या संगीतावर पूर्वार्धभर डोलणारं ते चित्रपटगृह त्या वेळी इतकं गप्प होतं की मला शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. पूर्वार्ध ‘फिल्मी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्या मित्रांशी मी तेव्हाही भांडलो आणि आजही भांडेन. तो पूर्वार्ध नसता तर त्या शांततेला वजनच आलं नसतं.

तेव्हा तुमच्या त्या तीन परीक्षणांकडे परत जा आणि तारे झाकून वाचा. माहितीपटाच्या परीक्षणात फक्त विषयाबद्दल लिहिलंय की चित्रपट कसा बनलाय त्याबद्दलही? नाट्याच्या परीक्षणात निदान एका दृश्याचं नीट वर्णन आहे, की ‘तरल’, ‘हळुवार’, ‘अंतर्मुख करणारा’ एवढ्यावरच भागवलंय? मारधाडपटाच्या परीक्षणात कुठला प्रसंग जमला आणि का जमला ते सांगितलंय, की ‘पैसा वसूल’ म्हणून विषय संपवलाय? तिन्ही परीक्षणांत विषयापलीकडचं, विशेषणांपलीकडचं काही सापडलं तर त्या समीक्षकाला वाचत राहा, तुमचं त्याच्याशी एकदाही पटलं नाही तरी. आणि तो माहितीपट तुम्ही बघणार असाल, तर मुलाखती चालू असताना अधूनमधून मागच्या भिंतीकडेही बघा.