वाचकांचे प्रश्न : हिराबाई बडोदेकर यांची नटी म्हणून ओळख

प्रश्न : माझ्या आत्यांकडे हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या तबकड्या आहेत. हिराबाई नाटकांत आणि बोलपटांतही काम करीत असत, असे आत्या सांगतात. परंतु मी आजवर जे वाचले, ते सर्व त्यांच्या ख्यालगायनाविषयीच होते. त्यांची अभिनयाची कारकीर्द खरोखर महत्त्वाची होती का, आणि असल्यास ती मागे का पडली?
(एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या आत्यांची माहिती बरोबर आहे, आणि ती कारकीर्द अल्प असली तरी महत्त्वाची होती. हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी मिरजेतच किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, प्रथम शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. प्रतिष्ठित संगीत नाटक मंडळ्यांत नायिका पुरुषानेच करावयाची, हा त्या काळाचा रिवाज होता. आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनीही लहान वयात शारदेची भूमिका गाजवूनच नाव मिळवले होते. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, नाही असे नाही. पण त्यांच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी फारशी बरी नव्हती.

या पार्श्वभूमीवर हिराबाई, त्यांचे बंधू सुरेशबाबू माने, भगिनी कमलाबाई आणि आई ताराबाई यांनी १९२९ साली आपल्या संगीत विद्यालयाला जोडून नाटक मंडळी काढली, आणि तीत स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. स्त्रीपुरुषांनी एकत्र काम करण्याचा विषय निघाला की ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा दाखला हमखास दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ते नाटक रंगभूमीवर आले १९३३ साली. ‘सौभद्र’सारख्या जुन्या, लोकांच्या ओठांवर असलेल्या नाटकात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कन्या आणि अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीत तयार झालेली गायिका, म्हणजे हिराबाई, स्वतः नायिका म्हणून उभी राहते, ही गोष्ट त्याआधीची आहे. नाट्येतिहासात तिला याहून ठळक जागा मिळावयास हवी होती, असे आमचे मत आहे.

आता ती कारकीर्द मागे का पडली, याविषयी. त्यात अभिनयाच्या कमीअधिकपणापेक्षा काळाचा वाटा मोठा आहे. ज्या १९२९ साली ही मंडळी निघाली, त्याच वर्षाच्या १ जूनला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, आणि १९३२ साली त्याच कंपनीने येथेच तयार केलेला ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर आला. संगीत नाटक कंपनी चालवणे म्हणजे नटांचे व साथीदारांचे बिऱ्हाड, पडदे, कपडेपट आणि ऑर्गन घेऊन गावोगाव हिंडणे. प्रयोग पडला तरी भटारखाना चालूच राहावयाचा. तेच गाणे, तीच पौराणिक कथा थोड्या पैशांत बोलपटगृहात मिळू लागल्यावर जुन्या, भरभक्कम मंडळ्याही डळमळल्या, आणि खुद्द बालगंधर्वांना १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका करावी लागली. तेथे नव्याने उभ्या राहिलेल्या मंडळीचा निभाव लागणे कठीणच होते. ती कर्जात बुडून बंद पडली आणि ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. मैफलीच त्यांचे मुख्य क्षेत्र ठरल्या, त्यामागे आवडीइतकीच ही निकडही होती.

प्रश्न : मग चित्रपटात त्या का रमल्या नाहीत? पडद्यावर त्या स्वतःच गात असत का?
(त्याच वाचक भगिनी)

उत्तर : होय, स्वतःच गात असत. आरंभीच्या बोलपटांत चित्र आणि ध्वनी एकाच वेळी घेतले जात, साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत, आणि त्यामुळे गाता येणे ही नटीची पहिली पात्रता होती. ‘सुवर्णमंदिर’, ‘जनाबाई’ आणि ‘प्रतिभा’ या चित्रपटांत हिराबाईंनी कामे केली. यांपैकी १९३७ सालचा ‘प्रतिभा’ हा तर कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनचा, बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेला आणि गोविंदराव टेंबे यांच्या संगीताने सजलेला.

परंतु रंगभूमीवर नाट्यपद प्रेक्षकांच्या साक्षीने वाढत असे. ‘वन्समोअर’ आला की तेच पद नव्या जागा घेत, निराळ्या बढतीने पुन्हा गाता येई, आणि ख्यालगायिकेचे बळ नेमके तेथे दिसे. स्टुडिओत समोर श्रोता नाही, पद तीनचार मिनिटांत आटोपावयाचे आणि पुन्हा म्हणावयाचे ते केवळ टेक बिघडला म्हणून! त्यातच १९३५ नंतर पार्श्वगायनाची पद्धत हळूहळू रुळली आणि चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, अशी वाटणी झाली. याचे उदाहरण याच घरात आहे : १९४३ सालच्या ‘रामराज्य’ या हिंदी चित्रपटात सीतेचे गाजलेले वीणेचे गीत पडद्यावर शोभना समर्थ यांचे असले, तरी आवाज हिराबाईंच्या धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांचा आहे. थोरली बहीण गळा आणि चेहरा दोन्ही घेऊन कॅमेऱ्यासमोर गेली. धाकटीला केवळ गळा पुरला.

रंगभूमी मात्र हिराबाईंच्या गाण्यातून गेली नाही. मैफलीत ख्यालानंतर त्या नाट्यपद आणि भावगीत तितक्याच आस्थेने गात, आणि शब्द स्वच्छ पोहोचवण्याची त्यांची शिस्त नाटकात पक्की झाली असावी, असे आम्हांस वाटते.

प्रश्न : या तबकड्या कशा जपाव्यात?
(त्याच)

उत्तर : त्या लाखेच्या असणार, म्हणून स्पिरिटने कदापि पुसू नयेत, लाख विरघळते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढावी आणि तबकड्या एकमेकींवर न रचता उभ्या ठेवाव्यात. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते, नाहीतर ती खाचा खरवडते. म्हणून मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या अशा तबकड्यांसाठीची योग्य सुई ज्याच्याकडे आहे, अशा जाणकाराकडून एकदाच डिजिटल प्रत करून घेणे श्रेयस्कर. ती करताना लेबलावरील मजकूर उतरवून घ्यावा, कारण नाट्यपदाच्या तबकडीवर रागाबरोबर नाटकाचे नावही बहुधा छापलेले असते.