कॉलेजला रोज नेण्यासाठी ४५ हजारांपर्यंतचा हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: औशाहून पुण्याला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला येते आहेस, सिंहगड रोडला मावशीकडे राहून शिवाजीनगरला बसने जाणार, बाबांनी ४५ हजार बाजूला काढलेत, आणि दुकानदार म्हणतो, "थोडे अजून टाका आणि गेमिंगच घ्या, पुढची चार वर्षं बघायला नको."

(एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस. पुण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. दिवसभर तुझ्याच वयाच्या पोरापोरींशी बोलून तोंडाला तीच सवय लागली आहे.)

गेमिंग घेऊ नकोस. मी डिप्लोमाला असताना असाच एक घेतला होता. साडेपंधरा इंची स्क्रीन, अडीच किलो वजन, आणि चार्जर म्हणजे अर्धी वीट. पहिला महिना हौसेने नेला. मग पाऊस सुरू झाला. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरलेला आणि पाठीवर ते ओझं. गणपती येईपर्यंत सॅकच्या पट्ट्याची शिवण उसवली आणि लॅपटॉप खोलीतल्या टेबलावर बसला तो कायमचाच. लॅबमधलं काम पेनड्राइव्हवर घेऊन रात्री खोलीवर करायचो. थोडक्यात, लॅपटॉपचे पैसे मोजून मी डेस्कटॉप वापरला.

म्हणून पहिली चाळणी वजनाची लाव. ते वजन चार्जरसकट धर, हे मात्र कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. साधारण १४ इंची साधा लॅपटॉप १.३ ते १.५ किलोत बसतो आणि १५.६ इंची १.६ ते १.८ किलोत जातो. कागदावर फरक पाव-अर्ध्या किलोचा. पण त्याच सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली, जर्नल आणि छत्री असते, तेव्हा तो पाव किलो जाणवतो. लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होणारा असेल तर चांगल्या कंपनीचा ६५ वॅटचा छोटा चार्जर घेता येतो, तो दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्यावर फोनही चार्ज होतो. गोल पिनचा जुना चार्जर वायरीसकट याच्या दुप्पट भरतो. दुकानात लॅपटॉप उचलून बघताना चार्जरही हातात घे. (आणि स्वारगेटपर्यंत बसने येऊन पुढे मेट्रो धरलीस तर शिवाजीनगर चौथं स्टेशन आहे. तेवढंच कमी लटकावं लागेल.)

आता रॅम. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. ८ जीबीवर पहिलं वर्ष आरामात निघतं. सी, पायथन, डेटाबेस, ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, काही अडत नाही. पण पुढे जावा आणि मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आलं, शेजारी एम्युलेटर (पडद्यावर चालणारा नकली फोन) चालू केला, की ८ जीबीचा दम तुटतो, १६ लागते. आज १६ परवडत नसेल तरी चालेल, पण उद्या वाढवता आली पाहिजे. आणि मेख इथेच आहे. हलक्या, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की बसवलेली असते. एकही मोकळा स्लॉट नसेल तर ८ची १६ कधीच होणार नाही. दुकानदाराला "रॅम किती?" एवढंच विचारू नकोस, "स्लॉट आहे का, मोकळा आहे का?" असं विचार. तो "हो हो, वाढते" म्हणाला तरी मॉडेल नंबर लिहून घे आणि कंपनीच्या साइटवर ताडून बघ. नावात 'स्लिम' किंवा 'लाइट' असेल तर दोनदा बघ. एकाच नावाखाली दहा उपप्रकार असतात आणि प्रत्येकाचं पोट वेगळं. सध्या रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे आज ८ घेऊन स्लॉट मोकळा ठेवणं आणि भाव उतरल्यावर भर घालणं हा शहाणा व्यवहार आहे.

प्रोसेसरच्या नावांनी तर भल्याभल्यांना गंडवलंय. स्टिकरवर 'आय५' किंवा 'रायझन ५' दिसलं की बाबा लोक खूश होतात. रायझनचंच उदाहरण घे. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही 'रायझन ५', दोन्ही ७००० मालिकेतले. पण त्यातला तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. २ म्हणजे झेन २, ही रचना २०१९ सालची. ३ म्हणजे झेन ३, २०२०ची. पहिल्यात चार कोर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात), दुसऱ्यात सहा. वर ७५२०यूच्या लॅपटॉपमध्ये रॅम हमखास सोल्डर केलेली, कारण तो प्रोसेसर दुसऱ्या प्रकारची रॅम घेतच नाही. किमतीत फरक थोडा असतो आणि मशीनमध्ये खूप. इंटेलमध्ये तुझ्या बजेटला आय३-१२१५यू किंवा १३१५यू दिसतील. हे दोन्ही सहा कोरचे, तुझ्या कामाला पुरून उरतील. 'आय३च आहे' म्हणून नाक मुरडू नकोस. सेलेरॉन किंवा एन-मालिकेतले स्वस्त लॅपटॉप मात्र सोड. त्यातल्या काहींत एसएसडीऐवजी ईएमएमसी साठवण असते, म्हणजे मोबाइलच्या मेमरीचा भाऊ. ती हळू असते, आणि बोर्डावरच असल्यामुळे नंतर बदलता येत नाही.

बॅटरी तासांत मोजू नकोस. 'दहा तास' हा आकडा कंपनी मंद उजेडावर व्हिडिओ चालवून काढते. वॅट-तास, म्हणजे बॅटरीत एकूण वीज किती मावते ते बघ, तो आकडा खोटं बोलत नाही. अशा लॅपटॉपमध्ये बहुधा ४१-४२ वॅट-तासांची बॅटरी असते. टायपिंग, ब्राउझर, थोडं कोडिंग यात मशीन साधारण सात-आठ वॅट खातं. भागून बघ, साडेपाच-सहा तास. कॉलेजच्या दिवसाला पुरतात. पन्नासच्या वर मिळाली तर सोन्याहून पिवळं.

स्क्रीन फुल एचडी घे. स्वस्तात आणि जुन्या मालात अजून १३६६ बाय ७६८चे पडदे विकले जातात, आणि त्यावर मराठी वाचून बघ, 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतला फरक अंदाजानेच ओळखावा लागतो. दुकानात स्क्रीन मागे झुकवून खालून, बाजूने बघ. रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे झाले की समज, टीएन पॅनल, म्हणजे स्वस्तातला पडदा आहे. मग दुसरा दाखव म्हणायचं.

आता तुला खरंच काय घे म्हणू? दोन वाटा आहेत आणि मी दुसऱ्या वाटेकडे झुकलोय, आधीच सांगतो.

पहिली वाट म्हणजे नवा. एसूसचा व्हिवोबुक १४, एचपीचा १४एस, लेनोवोचा आयडियापॅड स्लिम ३ चौदा इंचीत, ही नावं तुझ्या वजनात बसतात. व्हिवोबुक १४च्या इंटेल आवृत्तीत थोडी रॅम बोर्डावर आणि शिवाय एक स्लॉट असतो, म्हणून मी तो आधी बघेन. स्लिम ३च्या बऱ्याच आवृत्त्यांत सगळी रॅम सोल्डर केलेली आहे; तो घ्यायचा तर सुरुवातीलाच १६ जीबीचा घ्यावा लागतो. भाव दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही. नव्याबरोबर विंडोज आणि बऱ्याचदा ऑफिस आलेलं असतं, ते खोक्यावर लिहिलंय का ते बघ. दुकानदार 'फ्री' म्हणून अँटीव्हायरस देईल, त्याचं कौतुक नको. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. त्याबदल्यात पाचशे रुपये कमी कर म्हण. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यायचा, हेही विचार. पुण्यात फरक पडत नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत औशाला बंद पडला तर पडतो. आणि चहा सांडला तर साधी वॉरंटी हात वर करते, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर बाबांना एवढं सांग: व्याज सवलत म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी खिशातूनच जाते. रक्कम मोठी नाही, पण 'नो कॉस्ट' नाही.

दुसरी वाट म्हणजे कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून विकलेला, ज्याला रिफर्बिश्ड म्हणतात. आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि तो माल पुण्यात ढिगाने येतो. हे लॅपटॉप मुळात महागडे. बिजागरी दणकट, कीबोर्ड असा की नव्या स्वस्त मशीनवर परत टाइप करवत नाही. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०एस, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही १४ इंची, दीड किलोच्या आत, टाइप-सीवर चार्ज होणारे आणि रॅम वाढवता येणारे. (थिंकपॅड एक्स२८० त्याहूनही हलका, पण त्यात रॅम पूर्ण सोल्डर केलेली. ८ जीबीचा असेल तर नको.) साधारण २०-२५ हजारांत मिळतात.

इथे एक लक्ष्मणरेषा आहे: इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचं काही घ्यायचं नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. शिवाय याच पिढीत हलक्या लॅपटॉपमधला आय५ दोन कोरांवरून चारवर गेला. आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या. नावात दोनच आकड्यांचा फरक, पण एकाचं आयुष्य संपलंय आणि दुसऱ्यावर आमच्या लॅबमधली पोरं आज प्रोजेक्ट करतायत. १२ हजारांत 'आय७' दिसला की तो बहुधा आठव्याच्या मागच्याच पिढीचा असतो.

तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक मालाचा बाजार) किंवा कुठेही असा लॅपटॉप बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस, तासभर बस. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, दुकानदारालाच काढायला सांग. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून माग किंवा तेवढे पैसे कमी कर. सगळी बटणं दाबून बघ, कॅमेरा, माइक, प्रत्येक पोर्ट बघ. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारा मूळ प्रोग्राम) पासवर्ड नाही ना, ते बघ. आणि हे फार थोडे लोक करतात: दुकानातल्या वायफायला जोडून लॅपटॉप पूर्ण रीसेट करायला लाव. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलाने घरी जाऊन रीसेट केला, तर समोर कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन उभं राहिलं. मशीन त्या कंपनीच्या यादीतून काढलंच नव्हतं. बिल नव्हतं, दुकानदार ओळख दाखवेना. तेव्हा पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मिळत नसेल तर पाचशे रुपये स्वस्त असला तरी उठून ये.

माझ्या भाचीला मी यातलाच एक घेऊन दिला. १६ जीबी रॅम घातली, नवी बॅटरी टाकली, एका बाजूला लिनक्सही चढवून दिलं, तरी उरलेल्या पैशांत तिने चांगली सॅक घेतली आणि बाकीचे आईला परत दिले. तुझी अडचण एवढीच की पारखायला सोबत कुणी माहीतगार हवा. मावशीकडे कुणी असेल तर ही वाट धर, नसेल तर नवा घे.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हाताला मुंग्या आल्यासारखं झालं तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा घरातल्या प्लगला अर्थिंग नसतं किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात घुसवलेला असतो. जुन्या वाड्यांत, कॉट बेसिसच्या खोल्यांत हे नेहमीचं. मावशीकडचा सॉकेट आधी तपासून घे.

आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच घेतला पाहिजे असं काही नाही. पहिल्या सत्रातले सीचे प्रोग्राम कुठल्याही डबड्यावर चालतात, लॅब दिवसभर उघडी असते. काही कॉलेजांत अजून निळ्या पडद्याचं टर्बो सी शिकवतात. त्यासाठी तर तुझा लॅपटॉप काय आणि माझा कॅल्क्युलेटर काय, सारखेच. तीन-चार आठवडे जा, दुसऱ्या वर्षाची मुलं काय वापरतात, लॅबमध्ये विंडोज आहे की लिनक्स ते बघ. दसरा-दिवाळीचे सेल तोवर जवळ येतील.

एखादा आवडला तर त्याच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, इथे खाली लिही. नुसतं 'एचपी आय५' लिहिलंस तर मला काही सांगता येणार नाही.